मेफ्लाय ओळखायची कशी आणि तिच्याजोगी फ्लाय निवडायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन हंगाम फ्लाय फिशिंग झालं, डबीत शंभरेक फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-फर बांधून केलेले नकली किडे, जमल्या. नदीवर मेफ्लाय हे पाण्यात वाढणारे किडे पंख फुटून निघताना दिसतात, ट्राउट डोळ्यांदेखत वर येऊन काहीतरी टिपतात, पण एकामागून एक फ्लाय बदलूनही मासा तोंड लावत नाही. मग किड्यांच्या जाती ओळखायला शिकावं का? लॅटिन नावं पाठ करावीत का? आणि संध्याकाळच्या शेवटच्या अर्ध्या तासात सगळीकडे मासे उठतात तेव्हा नेमकं काय बांधावं?

आधी सरळ उत्तर देतो. नावं जरूर शिका, पण ती दुसऱ्या टप्प्यावर. मासा फ्लाय नाकारतो तेव्हा बहुतेक वेळा आपली चूक जातीची नसते, अवस्थेची असते. पाण्यावर पंख उभारून तरंगणारे किडे आपल्याला दिसतात म्हणून आपण त्यांच्यासारखी फ्लाय बांधतो. मासा मात्र त्याच वेळी पृष्ठभागाच्या बोटभर खाली, कात टाकता टाकता अडकलेले किडे खात असतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी अवस्था, मग माप, मग आकार आणि सगळ्यात शेवटी रंग. अवस्था बरोबर असेल तर मापात थोडं इकडेतिकडे चालून जातं. मापही जुळलं तर रंगातली चूक मासा बहुधा मनावर घेत नाही. पण आपण करतो नेमकं उलट. पिवळट दिसली म्हणून पिवळट फ्लाय शोधतो आणि ती दोन मापं मोठी असते.

पहिली गोष्ट, समोरचा किडा मेफ्लायच आहे ना? ती पाण्यावर बसलेली असताना तिचे पंख शिडासारखे पाठीवर उभे मिटलेले असतात, पोटाचं टोक किंचित वर वळलेलं असतं आणि मागे दोन किंवा तीन लांब तंतू असतात. लांबून पाहिलं तर अगदी चिमुकली शिडाची होडी. बाकीच्या पाणकिड्यांत कॅडिसचे पंख कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंनी उतरते असतात, त्यांवर बारीक लव असते आणि मागे तंतू नसतात. स्टोनफ्लाय आपले पंख पाठीवर सपाट, एकावर एक ठेवते. मिज डासासारखी दिसते, तिला दोनच पंख आणि तंतू नाहीत. पाण्याखाली दगड उलटून पाहिलात तर मेफ्लायच्या निंफला, म्हणजे पाण्यातल्या बिनपंखी पिल्लाला, पोटाच्या दोन्ही कडांवर कल्ले दिसतील, पिसांसारखे किंवा पानांसारखे, आणि प्रत्येक पायाला एकच नखी. स्टोनफ्लायच्या निंफला पायाला दोन नख्या असतात, आणि बाहेरून कल्ले दिसलेच तर बहुधा छातीखाली, पायांच्या मुळाशी. नुसते तंतू मोजून निर्णय करू नका. मेफ्लायच्या बहुतेक निंफना तीन तंतू असले तरी एपिओरस वंशाच्या निंफला दोनच असतात, आणि नवखा माणूस त्याला हमखास स्टोनफ्लाय समजतो.

आता अवस्था. मेफ्लायचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली जातं. निंफ म्हणून ती काही महिने जगते, गाळात बिळं करणाऱ्या मोठ्या जातींत दोन वर्षंही. वाढ पूर्ण झाली की निंफ पृष्ठभागाकडे निघतो, तिथे त्याच्या पाठीवरची कात उकलते आणि पंख असलेला किडा बाहेर येतो. यालाच डन म्हणतात. डन उडून काठावरच्या झाडीत जाऊन बसतो आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकतो. उडता येणारे पंख फुटल्यावरही पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटकगट आज जगात नाही. दुसऱ्या कातीतून जो बाहेर येतो तो स्पिनर. मीलन होतं, मादी पाण्यात अंडी घालते आणि मरते. डन काय किंवा स्पिनर काय, दोघांच्याही तोंडाचे अवयव निकामी असतात, पंख आल्यावर ते काही खातच नाहीत. एफेमेरॉप्टेरा हे गटाचं नावच मुळी दिवसभराच्या आयुष्यावरून, ग्रीकमधून आलेलं आहे. काही जातींना तर दिवसही मिळत नाही. डोलानिया अमेरिकाना या जातीची प्रौढ मादी पाच मिनिटांहूनही कमी जगते.

डन आणि स्पिनर यांतला फरक एकदा डोळ्यात बसला की आयुष्यभर पुरतो. डनचे पंख मळकट, धुरकट असतात, आरपार दिसत नाही आणि मागच्या कडेला बारीक केसांची झालर असते. पंखांवरच्या सूक्ष्म केसांमुळेच तो पाण्यातून कोरडा बाहेर येऊ शकतो. स्पिनरचे पंख काचेसारखे स्वच्छ आणि चकचकीत, अंगही तकतकीत, मागचे तंतू डनपेक्षा बरेच लांब. एकाच जातीचे डन आणि स्पिनर शेजारी ठेवले तर पुष्कळदा दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतका रंग बदललेला असतो. नर ओळखायचा तर पोटाच्या टोकाखालचे चिमटे आणि मोठे डोळे पाहा. बेटिस या लहान मेफ्लायच्या आणि तिच्या कुळातल्या नरांचे डोळे तर डोक्यावर पगडी चढवल्यासारखे वर उठलेले असतात. मादी बहुधा नरापेक्षा मोठी असते, तेव्हा माप घेताना कोण हाती लागलंय हे बघून घ्या.

इथे साधनांबद्दल दोन शब्द. मत्स्यटाकीत वापरतात तशी बारीक जाळी, एखादं पांढरं झाकण, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मिलिमीटरची पट्टी, एवढं खिशात असलं की पुरे. किडा हवेत पकडण्यापेक्षा पाण्यावर वाहत येणारा पकडा, कारण मासा तोच खातोय. जाळी अर्धी पाण्यात, अर्धी वर अशी धरून पाच मिनिटं शांत उभे राहा. या पाच मिनिटांत मी जेवढं शिकलोय तेवढं तासभर फ्लाय फेकून शिकलो नाही. जाळीत रिकाम्या काती, अर्धवट निघालेले किडे, चुरगळलेल्या पंखांचे किडे आणि मेलेले स्पिनर सापडतात. हे काठावरून कधीच दिसत नाहीत. पाहून झालं की त्यांना पाण्यात सोडा. दगड उचलला असेल तर तो ज्या बाजूवर होता त्याच बाजूवर परत ठेवा, त्याच्याखाली बाकीच्यांचं घर असतं.

किडा हातात आल्यावर त्याला उलटा करा. ही सूचना मी नव्या माणसाला सगळ्यात आधी देतो. आपण किडा वरून पाहतो, मासा खालून. मेफ्लायचं पोट पाठीपेक्षा बहुधा फिकं असतं, आणि फ्लायचा रंग पोटाशी जुळवायचा असतो. शिवाय धाग्यावर वळलेली लोकर किंवा फर ओली झाली की गडद होते. तेव्हा फ्लाय बोटानं भिजवून मगच किड्याच्या शेजारी धरा. डबीत हुबेहूब वाटणारी फ्लाय पाण्यात गेल्यावर तपकिरी झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

आता जातींकडे, किंवा खरं तर कुळांकडे. नदीवर तेवढी ओळख पुरते, कारण जगभरात ३,००० हून अधिक जाती आहेत आणि कित्येकींचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली नराचे अवयव पाहूनच होतो. निंफ कसा जगतो यावरून चार ढीग करता येतात. पोहणारे: अंगानं सडपातळ, माशासारखे सुळकन जाणारे. बेटिस यांतच. चिकटून राहणारे: डोक्यापासून शेवटपर्यंत चपटे, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, वेगवान पाण्यात दगडाला घट्ट बसलेले. हे हेप्टाजिनिइडी कुळातले. रांगणारे: जाडसर, जरा बेंगरूळ, शेवाळात आणि खड्यांमध्ये हळूहळू सरकणारे, म्हणजे एफेमेरेला आणि तिचे नातलग. आणि बिळं करणारे: पुढे सुळ्यांसारखे दात, पोटावर पिसाऱ्यासारखे कल्ले, मोठं आणि फिकट अंग. एफेमेरा आणि हेक्साजेनिया यांतले. ही विभागणी केवळ अभ्यासापुरती नाही. पाण्याचा तळ पाहूनच काय निघेल याचा अंदाज बांधता येतो. गाळाच्या तळावर चपटे निंफ शोधू नका, आणि खडकाळ खळाळात मोठ्या एफेमेराची वाट पाहत बसू नका.

बेटिसवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त दिवस तुमचा तिच्याशीच संबंध येणार आहे. लहान, ऑलिव्ह किंवा करड्या अंगाची, प्रौढाला दोनच तंतू, मागचा पंख इतका बारीक की भिंगाशिवाय सापडत नाही. वर्षातून एकाहून जास्त पिढ्या होत असल्यानं ती हंगामाच्या दोन्ही टोकांना भेटते. ढगाळ, थंड, बुरबुर पावसाच्या दिवशी तिच्या डनना पंख वाळवून उडायला वेळ लागतो, ते पाण्यावर लांबपर्यंत वाहत जातात आणि मासे निवांत टिपत राहतात. ऊन पडलं की डन झटकन उडतात आणि मासा पुन्हा खाली निंफकडे वळतो. म्हणजे एकाच दुपारी ढग सरकला तरी फ्लाय बदलावी लागते. आणखी एक: बेटिसच्या अनेक जातींची मादी अंडी घालायला दगड किंवा काडी धरून पाण्याखाली उतरते. त्या वेळी पृष्ठभागावर काहीच दिसत नसताना मासे खात असतात, आणि पाण्याखाली सोडलेली बारीक स्पिनरची फ्लाय चालते. हे कळेपर्यंत माझी कितीतरी वर्षं गेली.

एफेमेरेला गटाच्या मेफ्लाय मध्यम मापाच्या, तीन तंतूंच्या. अमेरिकेत हेन्ड्रिक्सन आणि सल्फर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या यांतल्याच. रांगणारा निंफ वर येताना धडपडतो, पृष्ठभागाशी रेंगाळतो, त्यामुळे इमर्जर म्हणजे निघता निघता अडकलेल्या किड्याची फ्लाय इथे सोन्याची ठरते. हेप्टाजिनिइडी कुळातल्या प्रौढांना दोन तंतू आणि पंखांवर ठळक शिरा असतात. त्यांतल्या एपिओरसचा डन पाण्याखालीच कातीतून बाहेर पडतो आणि पंख घेऊन वर येतो. म्हणूनच तिच्या वेळी पाण्याखालून जाणारी जुन्या धाटणीची वेट फ्लाय पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या फ्लायवर मात करते. आयसोनिकियाचा निंफ पुष्कळदा काठाकडे पोहत जाऊन दगडावर चढून कात टाकतो. काठावरच्या दगडांवर रिकाम्या काती दिसल्या तर डनची फ्लाय ठेवून द्या आणि गडद, सडपातळ निंफ काठाच्या दिशेनं थोडा ओढत आणा.

युरोपातली मोठी मेफ्लाय, एफेमेरा डॅनिका, ओळखायला सगळ्यात सोपी. हिरवट पिवळ्या पंखांवर गडद डाग, साईच्या रंगाच्या पोटावर तपकिरी खुणा, तीन तंतू. कॅनिस आणि ट्रायकोरिथोडिस या दुसऱ्या टोकाला: इतक्या लहान की लोक त्यांना मिज समजतात. तीन तंतू आणि एकच पंखजोडी, मागचे पंख नाहीतच. कॅनिस डनची कात टाकायला इतकी घाई करते की तुमच्या बाहीवर बसून, तुम्ही बघत असताना स्पिनर होते.

लॅटिन नावं कशाला हवीत, याचं उत्तर इथेच मिळतं. बोलीतली नावं गोंधळ घालतात. ब्रिटनमध्ये ब्लू विंग्ड ऑलिव्ह म्हटलं की सेराटेला इग्निटा, तीन तंतूंची. अमेरिकेत त्याच नावानं बेटिस आणि आणखी बऱ्याच लहान ऑलिव्ह मेफ्लाय ओळखल्या जातात, त्यांतल्या बेटिसला दोन तंतू. मार्च ब्राउन तर ब्रिटनमध्ये एक, अमेरिकेच्या पूर्वेला दुसरी आणि पश्चिमेला तिसरीच. कुणी सांगितलेलं नाव ऐकून फ्लाय विकत घ्याल तर माप, रंग, वागणूक यांतलं काहीही चुकू शकतं. वंशाचं नाव कळलं की मात्र निंफ कसा पोहतो, कात कुठे टाकतो, दिवसाच्या कुठल्या वेळी निघतो हे सगळं एकदम कळतं. नावाचा उपयोग हा आहे. रंग जुळवण्यासाठी नाव लागत नाही.

मापासाठी किड्याचं अंग मोजा, तंतू आणि पंख सोडून. कोरड्या फ्लायच्या साध्या गळावर १४ नंबर म्हणजे अंदाजे ८ ते ९ मिलिमीटरचं अंग, १८ नंबर म्हणजे ६ च्या आसपास, २२ म्हणजे ४ च्या जवळ. पण गळ बनवणारा बदलला की नंबरही सरकतो. म्हणून मी फ्लायच किड्याशेजारी झाकणावर ठेवतो. शंका आली तर एक माप लहान, म्हणजे मोठ्या नंबरची घ्या. मोठी फ्लाय मासा नाकारतो, थोडी लहान बहुधा घेतो.

आकाराचं म्हणाल तर तो माशाच्या नजरेतून समजून घ्यावा लागतो. पाण्याखालून वर पाहिलं की सुमारे ९७ अंशांच्या शंकूतूनच बाहेरचं जग दिसतं. त्याला खिडकी म्हणू. ३० सेंटिमीटर खोल असलेल्या माशाची खिडकी साधारण ६८ सेंटिमीटर रुंद, मासा जितका वर तितकी ती लहान. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो. त्या आरशात डन येतो तेव्हा दिसतात ते फक्त त्याच्या पायांनी पाण्यावर पडलेले उजेडाचे ठिपके. जवळ येताच खिडकीच्या कडेवर आधी पंखांची टोकं उगवतात, मग बाकीचं अंग. इमर्जरचं वेगळं आहे. त्याचं अर्धं अंग पाण्याखाली लोंबत असल्यानं ते दुरूनच, आरशातही स्पष्ट दिसतं. अडकलेला किडा उडूनही जाऊ शकत नाही. मासा त्याला पसंती देतो यात मला काही नवल वाटत नाही.

आता फ्लाय. नावं शेकड्यांनी आहेत, मी वापरतो त्या मोजक्या.

पाण्याखाली फेजंट टेल निंफ. इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर राखणदारी करणाऱ्या फ्रँक सॉयर यांची ही रचना. फेजंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. धागासुद्धा नाही. पायही नाहीत, कारण पोहणारा निंफ पाय अंगालगत घेतो हे सॉयर यांनी पाण्यात डोकावून पाहिलं होतं. बेटिससाठी १६ ते २० नंबरच्या या फ्लायहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. रांगणाऱ्या, जाडसर निंफसाठी मात्र ती बारीक पडते. तिथे सशाच्या कानाच्या फरची हेअर्स इअर घ्या, विस्कटलेल्या फरमुळे पाय आणि कल्ले हलल्यासारखे वाटतात. निंफच्या छातीवर पंखांच्या थैल्या असतात. त्या काळ्या पडलेल्या दिसल्या तर तो निघायच्या बेतात आहे असं समजा, आणि गडद छातीचा निंफ निवडा.

इमर्जरसाठी दोन. एक क्लिंकहॅमर. हॉलंडच्या हान्स व्हान क्लिंकेन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली, वाकडा गळ, पोट पाण्यात लोंबतं आणि वर आडव्या हॅकलवर, म्हणजे गोल गुंडाळलेल्या पिसाच्या केसांवर, ती तरंगते. मूळ ती कॅडिससाठी होती, पण मेफ्लायला तितकीच चालते. दुसरी, बदकाच्या तेलग्रंथीजवळच्या पिसांची, म्हणजे सीडीसीची. ही पिसं आपोआप तरंगतात, त्यांना चिकट तरंगक लावू नका, पिसं एकमेकांना चिकटून बसतात. शेपटीच्या जागी चमकत्या तंतूचा छोटा तुकडा सोडला की ओढत येणारी रिकामी कात तयार होते. एवढ्या एका तुकड्यानं नकार देणारे मासे होकार देताना मी पाहिले आहेत.

डनसाठी पहिली अॅडम्स. मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी १९२२ साली बांधली, करडं अंग, तपकिरी आणि करडं मिश्र हॅकल. ती कुठल्याच एका मेफ्लायसारखी नाही आणि बऱ्याचशा मेफ्लायसारखी आहे. पॅराशूट पद्धतीनं, म्हणजे हॅकल पंखाच्या बुंध्याभोवती आडवं गुंडाळून बांधलेली घ्या, तिचं अंग पाण्याला टेकतं. संथ, आरशासारख्या पाण्यात मी कॉम्पाराडनकडे वळतो. तिला हॅकल नसतं, हरणाच्या केसांचा अर्धवर्तुळाकार पंखा पंखाचं काम करतो आणि फ्लाय तोलूनही धरतो. खळाळत्या पाण्यात याच्या उलट, दाट हॅकलची जुन्या धाटणीची फ्लाय, कारण तिथे फ्लाय तरंगत राहणं हीच पहिली गरज.

किडा पाहणं जितकं महत्त्वाचं तितकंच मासा कसा उठतो ते पाहणं. तोंड बाहेर आलं आणि पाण्यावर बुडबुडा राहिला तर त्यानं पृष्ठभागावरून काहीतरी घेतलं, सोबत हवाही गिळली. तोंड दिसलंच नाही, फक्त पाठ आणि शेपटी वळताना दिसली, बुडबुडा नाही, तर तो खालचा इमर्जर खातोय. पाणी नुसतं फुगल्यासारखं उठलं तर आणखी खाली, निंफ. जोरात पाणी उडालं तर कॅडिसचा संशय घ्या. अगदी हलका, चुंबल्यासारखा आवाज आणि छोटं वर्तुळ म्हणजे पळू न शकणारा किडा: स्पिनर, अडकलेला इमर्जर किंवा फारच लहान काहीतरी.

हे शेवटचं लक्षात ठेवा. मला आठवतं, एकदा हवेत मोठ्या एफेमेरा नाचत होत्या, पाण्यावरही चारदोन दिसत होत्या, आणि मी तासभर १० नंबरच्या फ्लाय फेकत राहिलो. मासे अव्याहत उठत होते, पण बारीक वर्तुळांनी. शेवटी जाळी पाण्यात धरली तर ती पांढुरक्या कॅनिसनं भरलेली. मोठा किडा डोळ्यात भरतो आणि लहान किडा माशाचं पोट भरतो, असं फार वेळा घडतं. माशाच्या जागी उभं राहून विचार करा: दर सेकंदाला न हलता तोंडाशी येणारे लहान घास सोडून तो अधूनमधून येणाऱ्या, उडून जाणाऱ्या मोठ्या घासामागे का धावेल?

फ्लाय बदलण्याआधी एक तपासणी मात्र कराच. फ्लाय प्रवाहाबरोबर मोकळी वाहतेय का? दोरीच्या ताणानं ती बोटभर जरी आडवी ओढली गेली तरी मासा फिरतो, आणि हा ओढा काठावरून पुष्कळदा दिसतही नाही. टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचं दोरीचं बारीक टोक, फूट दीड फूट लांब करा, उभं राहण्याची जागा बदला, आणि तीच फ्लाय पुन्हा द्या. टिपेटच्या जाडीसाठी, म्हणजे तिच्या एक्स-नंबरासाठी, गळाच्या नंबराला तीननं भागा: १८ नंबरला ६एक्स, १५-१६ ला ५एक्स. यानंतरही नकार आला तर आधी अवस्था बदला. म्हणजे डनवरून इमर्जरवर. त्यानंतर फ्लाय एक माप लहान करा. रंगाला हात सगळ्यात शेवटी.

राहिली संध्याकाळ. दिवसा जे डन उडाले ते स्पिनर होऊन परततात. वारा पडला की काठावर, झाडांच्या शेंड्यांशी किंवा खळाळाच्या वर नरांचे थवे उभ्या रेषेत वरखाली नाचताना दिसतील. जोराचा वारा असेल तर हे होत नाही, आणि मग शेवटच्या अर्ध्या तासावर फार आशा ठेवू नका. नाच दिसला तर मान वर करून पाहत राहा. थवा खाली येऊ लागला, माद्या पोटाखाली अंड्यांचा पिवळा किंवा हिरवा गोळा घेऊन खळाळाकडे निघाल्या, की फ्लाय बदलायची वेळ झाली. अंधार पडल्यावर गाठ मारता येत नाही, म्हणून मी दुसऱ्या लीडरवर, म्हणजे मुख्य दोरीला जोडायच्या बारीक दोरीवर, स्पिनर आधीच बांधून ठेवतो.

अंडी घातलेली मादी पंख दोन्ही बाजूंना पसरून पाण्याला चिकटते. शीड आता उभं नसतं, त्यामुळे काठावरून ती दिसत नाही, आणि म्हणूनच प्रश्नात विचारलेला गोंधळ होतो: मासे उठतात पण पाण्यावर काहीच नाही. फ्लाय साधी हवी. गंजाच्या रंगाचं बारीक अंग, लांब फाकवलेले तंतू, आडव्या रेषेत पांढुरक्या चमकत्या धाग्याचे दोन पंख. रस्टी स्पिनर या नावानं ती मिळते, आणि निरनिराळ्या जातींचे स्पिनर मरताना याच रंगाकडे झुकत असल्यानं १४, १६, १८ आणि २० अशा चार मापांत ती ठेवली की बऱ्याच संध्याकाळी निभावतात. ट्रायकोरिथोडिसचा अपवाद: तिचे स्पिनर सकाळी पडतात, २० ते २४ नंबरचे, काळ्या छातीचे.

फ्लाय दिसणार नाही, दिसायची अपेक्षाही ठेवू नका. खळाळ संपून जिथे संथ पाणी सुरू होतं त्या जागी उभे राहा, मेलेले स्पिनर वाहत तिथेच गोळा होतात. एकच मासा निवडा. तो किती वेळानं उठतो ते मोजा, कारण या वेळी तो जागा सोडत नाही, घास जवळ येईल तेव्हाच तोंड उघडतो. जवळून, आखूड दोरीनं, प्रवाहात त्याच्या वरच्या बाजूला हातभर अंतरावर फ्लाय ठेवा. ती जिथे असेल असं वाटतं तिथे वर्तुळ उमटलं की रॉड हळूच उचला, झटका नको.